पर्यटनाचे शिक्षण : कोणाच्या सेवेसाठी?

बडोद्याच्या एका ज्येष्ठ साथींचे पत्र गेल्या महिन्यात कचेरीत आले. एका इंजिनिअरिंग कारखान्यातून ते निवृत्त झाले असून चाळीस वर्षे त्यांनी युनियनचे काम केले आहे. त्यांची कन्या इतिहास घेऊन बी. ए. झाली आणि परराज्यातील एका विद्यापीठात पर्यटन व्यवस्थापनाच्या एम. बी. ए.ला दाखल झाली. पहिले वर्ष पुरे करून आणि उन्हाळ्यात एका मोठ्या हॉटेलात ‘प्रशिक्षण’ घेऊन ती घरी आली आहे. दुसऱ्या वर्षासाठी परत जावे की न जावे, या विचारात ती पडली आहे. शाखेच्या बैठकीनंतर चहा घेताना हा विषय निघाला, तेव्हा एक वयोवृद्ध साथी म्हणाले, “साहेबांच्या बॅगा उचलायला पदवी कशाला लागते? याला विद्या म्हणायचे?” त्यावर एक तरुण साथी उत्तरले, “कारखाने गेले, आता सेवाक्षेत्राचा जमाना आहे. मुलीला नोकरी लागणार असेल तर त्यात वर्गसंघर्ष कशाला आणता?” पत्राच्या शेवटी त्या साथींनी विचारले आहे की, या दोहोंपैकी योग्य मत कोणते, याचा पत्राने खुलासा करावा.

खुलासा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले ते माझ्या अधिकारामुळे नव्हे. मी या पत्राची अनुवादक आहे, इतिहासाची पदवीधर आहे, आणि त्या मुलीने वडिलांच्या पत्रासोबत धाडलेला आपला छापील अभ्यासक्रम धंद्याच्या सवयीने मीच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. माझ्या मते दोन्ही साथी चुकत आहेत. पहिल्या साथींची चूक आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे, कारण ती आपल्या चळवळीत मुरलेली आहे. म्हणून आधी तिचा समाचार घेऊ.

बॅगा उचलणे, बिछाना घालणे, ताट वाढणे, उष्टी भांडी उचलणे ही कामे हलकी, आणि लेथवर लोखंड कातणे हे मात्र खरे काम, ही समजूत कोठून आली? ती मार्क्सकडून आलेली नाही. ‘वरकड मूल्याचे सिद्धांत’ या ग्रंथात उत्पादक श्रमाची चर्चा करताना मार्क्सने हॉटेलातील आचारी आणि वाढपी यांचेच उदाहरण घेतले आहे. हॉटेलमालकाच्या दृष्टीने त्यांचे श्रम उत्पादक ठरतात, कारण त्या श्रमांतून त्याचे भांडवल वाढते; त्याच हॉटेलात उतरलेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र ते केवळ सेवा होत, असे तो स्पष्टपणे सांगतो. काम वस्तूच्या रूपात उरते की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. ते कोणत्या संबंधात केले जाते, हे महत्त्वाचे. मग सेवेच्या कामाविषयीची ही तुच्छता आपल्यात आली कोठून? ती आली आपल्या जातिव्यवस्थेतून, जिने उष्ट्याला, मळाला आणि दुसऱ्याच्या अंथरुणाला हात लावणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवले. लाल बावट्याखाली चाळीस वर्षे काढूनही ती आपल्या जिभेवर राहिली आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसरे असे की, प्रवास म्हणजे साहेबाची चैन, हे गृहीतही इतिहासाला धरून नाही. १८४१ साली टॉमस कुक याने लेस्टर ते लफबरो अशी जी पहिली सहल काढली, ती मद्यपानविरोधी सभेला जाणाऱ्या सामान्य माणसांसाठी स्वस्त तिकिटाची खास आगगाडी होती. त्यातून पुढे कंपनी उभी राहिली आणि तिने साम्राज्याच्या वाटेने इजिप्तपर्यंत गिऱ्हाइके नेली, ती गोष्ट वेगळी. १९३६ साली फ्रान्समध्ये लोकआघाडीचे सरकार आले, देशभर कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केले, आणि त्या लढ्याने जे मिळवले त्यात वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा होती. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने भरपगारी सुटीचा पहिला करार संमत केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आली, तीही कोणी दयेपोटी दिलेली नाही. रजा मागायची, रजा मिळाली की आनंद मानायचा, आणि त्या रजेत माणसाने कोठे जावे, काय पाहावे, तेथे त्याला काय सांगितले जावे, या प्रश्नांकडे मात्र ‘हे बूर्झ्वांचे विषय’ म्हणून पाठ फिरवायची, हे तर्कशास्त्र विचित्र होय. आपण ते रान मोकळे सोडले म्हणूनच त्यावर दुसऱ्यांनी पीक काढले.

आता तरुण साथींकडे वळू. नोकरी लागते ना, मग झाले, असे ते म्हणतात. कोणती नोकरी आणि कोणाकडे, हे पाहण्यासाठी या शिक्षणाचा आपल्या देशातील इतिहास थोडा पाहावा लागेल.

हॉटेलधंद्याचे शिक्षण जगात प्रथम १८९३ साली लोझान येथे सुरू झाले, ते स्विस हॉटेलमालकांच्या पुढाकाराने. विद्यापीठाची प्रतिष्ठा त्याला अमेरिकेत कॉर्नेल येथे १९२२ साली मिळाली. आपल्याकडे मुंबईत १९५४ साली पहिली संस्था निघाली. युनेस्कोच्या परिषदेसाठी १९५६ साली दिल्लीत अशोक हॉटेल बांधले गेले; १९६६ साली भारतीय पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले; महाराष्ट्राचे महामंडळ १९७५ सालचे. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांसाठी राजधानी सजवली जात असतानाच पहिले राष्ट्रीय पर्यटन धोरण जाहीर झाले, त्याच वर्षी हॉटेल व्यवस्थापनाची राष्ट्रीय परिषद निघाली, आणि १९८३ साली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था. सातव्या योजनेत पर्यटनाला उद्योगाचा दर्जा मिळाला. सरकारला परकी चलन हवे होते, हे उघडच आहे. तथापि त्या काळी या शिक्षणाच्या टोकाला सार्वजनिक क्षेत्र उभे होते, हेही नमूद केले पाहिजे. महामंडळाची हॉटेले, राज्यांची विश्रामगृहे, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स येथे कायम नोकरी होती, वेतनश्रेणी होती, युनियन होती.

ते टोक पुढे छाटले गेले. २००२ साली महामंडळाची अनेक हॉटेले विकली गेली. मुंबईत एअर इंडियाच्या उपकंपनीची सेंटॉर नावाची दोन हॉटेले होती, एक जुहूला आणि दुसरे विमानतळालगत. तीही त्याच वर्षी गेली. विमानतळाजवळचे हॉटेल सुमारे ८३ कोटी रुपयांना विकले गेले आणि घेणाऱ्याने ते काही महिन्यांतच ११५ कोटींना दुसऱ्याच्या हवाली केले. बडोद्याच्या विद्यार्थिनीच्या अभ्यासक्रमात ‘मूल्यवृद्धी’ या नावाचा एक धडा आहे. त्यात हे उदाहरण नाही. जानेवारी २०२२ मध्ये खुद्द एअर इंडिया टाटांकडे गेली. २०२१ साली सार्वजनिक मालमत्तांच्या चलनीकरणाची जी यादी निघाली, तिच्यात महामंडळाची उरलीसुरली हॉटेलेही घालण्यात आली. याचा अर्थ असा की, शिकवणारी संस्था सार्वजनिक राहिली, पण शिकून बाहेर पडणाऱ्याला सामावून घेणारी सार्वजनिक जागा उरली नाही. विद्यार्थ्याच्या बापाच्या आणि जनतेच्या पैशाने खासगी मालकासाठी माणसे घडवायची, अशी ही व्यवस्था आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी साथींना याचे एक वेगळेच चित्र डोळ्यांसमोर आणता येईल. ती राष्ट्रीय पर्यटन संस्था दिल्लीहून ग्वाल्हेरला हलवण्यात आली ती नव्वदीच्या दशकाच्या आरंभी. त्याच सुमारास तेथील बिर्लांची जियाजीराव कापड गिरणी बंद पडली. हजारो कामगार घरी बसले आणि त्यांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न तीस वर्षांनंतरही मिटलेला नव्हता. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्या शहरात बाप गिरणीतून बाहेर फेकला गेला, त्याच शहरात मुलाला किल्ला आणि राजवाडा दाखवून पोट भरण्याचे शास्त्र शिकण्याचा सल्ला मिळाला, एवढे तर खरे. तरुण साथी ज्याला ‘सेवाक्षेत्राचा जमाना’ म्हणतात, तो हवापाण्यासारखा आपोआप आलेला नाही.

आणि ती नोकरी तरी किती पक्की? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा काय झाले, ते आकड्यांतच पाहावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेकडून जी पाहणी करून घेतली, तिच्यानुसार २०२०–२१ च्या पहिल्या तिमाहीत या क्षेत्रातील १ कोटी ४५ लाख रोजगार गेले, दुसऱ्या तिमाहीत ५२ लाख आणि तिसऱ्या तिमाहीत १८ लाख. एकूण २ कोटी १५ लाख. हे आकडे खुद्द सरकारने संसदेत सांगितले. आमच्या विद्यार्थिनीच्या अभ्यासक्रमात ‘आपत्ती व्यवस्थापन’ नावाची एक पूर्ण प्रश्नपत्रिका आहे. तिच्यात पर्यटनस्थळाची प्रतिमा कशी सावरावी, विम्याचे दावे कसे करावेत, रद्द झालेली आरक्षणे कशी हाताळावीत, हे सारे आहे. काढून टाकलेल्या माणसाचे काय करावे, याविषयी एक ओळही नाही. त्याची गणना आपत्तीत होत नाही. ती खर्चकपातीत होते.

अभ्यासक्रमाच्या भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि विचारसरणी बहुधा पारिभाषिक शब्दांच्या आडून शिरते. तेथे गावाला गाव म्हणत नाहीत, ‘डेस्टिनेशन’ म्हणतात. म्हणजे गावाचे अस्तित्व तेथे कोणी जाईल तेव्हापासूनच सुरू होते. डोंगर, देऊळ आणि नदी ही ‘उत्पादने’ असतात. माणसे ‘मानवी साधनसंपत्ती’ असतात. जमीनमालक, सरकार, कंपनी आणि ज्याची झोपडी उठवायची तो, असे सारेच ‘हितसंबंधी घटक’ म्हणून एका रांगेत बसवले जातात, जणू सगळ्यांचे हित एका तराजूत मावणारे आहे. परंतु सर्वांत नामी शब्द ‘होस्ट कम्युनिटी’ हा होय. ‘यजमान समाज’ असा त्याचा अनुवाद करावा लागतो आणि तो करताना लेखणी अडते. यजमान तो, जो निमंत्रण देतो. या लोकांनी कोणाला निमंत्रण दिले होते?

‘अतिथी’ शब्दाची गतही तीच. गुरुकुलातून निघालेल्या शिष्याला आचार्य जो निरोपाचा उपदेश करतात, त्यात अतिथीला देव मानण्याची आज्ञा आहे; पर्यटन मंत्रालयाने ती जाहिरातफलकांवर चढवली. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा माणूस, उन्हातून अवचित दारात आलेला वाटसरू. हॉटेलातील ‘गेस्ट’ची तिथी, घटका, खोलीचा दर आणि आगाऊ रक्कम महिनाभर आधी संगणकात नोंदलेली असते. खरोखरीचा अतिथी दारात आला, तर दरवान त्याला आत सोडत नाही.

यजमान समाज म्हणजे कोण, हे बडोद्याच्या साथींना दूर जाऊन पाहावे लागणार नाही. त्यांच्याच शहरावरून रोज गाड्या भरभरून माणसे केवडियाला जातात. तेथे १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला. खर्च सुमारे २,९८९ कोटी रुपये. त्या परिसरातील केवडिया, कोठी, वाघोडिया, लिंबडी, नवागाम आणि गोरा या सहा गावांच्या आदिवासींची जमीन १९६१ ते १९६३ या काळात धरणाच्या कामासाठी म्हणून घेतली गेली. धरण पुढे दुसऱ्या जागी झाले. जमीन परत मिळाली नाही, आणि अर्धशतकानंतर तिच्यावर पर्यटन उभे राहू लागले. २०१९ साली गुजरात विधानसभेने या क्षेत्राच्या विकासासाठी आणि पर्यटनाच्या कारभारासाठी स्वतंत्र कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमले. २०२० च्या टाळेबंदीत, माणसांना घराबाहेर पडण्याची बंदी असताना, तेथे कुंपण घालण्याचे काम चालले. आदिवासींनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि निकाल त्यांच्या विरुद्ध लागला.

यावर उत्तर ठरलेले असते : रोजगार मिळाला की नाही? मिळाला. तेथील मुली वाटाड्याचे काम करतात, बाया ई-रिक्षा चालवतात, पुरुष पहारेकरी आणि सफाई कामगार आहेत. हे नाकारण्याचे कारण नाही, आणि त्या ई-रिक्षा चालवणाऱ्या बाईला तिच्या कमाईबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार तर आपल्यापैकी कोणालाच नाही. पण हिशेब पुरा मांडा. कालपर्यंत जो आपल्या जमिनीवर तूर आणि मका काढत होता, तो आज त्याच जमिनीवर गणवेश घालून दुसऱ्याची हजेरी भरतो. या उलथापालथीला व्यवस्थापनशास्त्र ‘रोजगारनिर्मिती’ म्हणते. आपल्या शास्त्रात तिला जुने आणि अधिक नेमके नाव आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात देशभर पन्नास पर्यटनस्थळे विकसित करण्याची घोषणा झाली. जमीन राज्यांनी द्यायची, असे त्यात सांगितले होते, आणि लगेच पुढे आतिथ्य व्यवस्थापनाच्या संस्थांतून तरुणांना कौशल्याचे शिक्षण देण्याची तरतूद होती. जमीन आणि तरुण या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या, हा योगायोग मला बोलका वाटतो.

येथे एका जुन्या युक्तिवादाची मर्यादाही सांगितली पाहिजे. फ्रान्झ फॅनन याने १९६१ साली इशारा दिला होता की, नवस्वतंत्र देशांचा बूर्झ्वा वर्ग पाश्चात्त्य धनिकांच्या मौजमजेचा व्यवस्थापक होऊन बसेल. आपल्याकडे तो इशारा सर्वांत आधी गोव्यात खरा वाटला. १९८७ साली जर्मनीहून थेट चार्टर विमाने उतरू लागली, तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ रस्त्यावर आली आणि तिने पाणी, वीज, किनारा कोणाचा हा प्रश्न उघडपणे विचारला. माझ्या मते तो आपल्या देशातील पर्यटनशास्त्राचा पहिला खरा पाठ होता, जरी तो कोणत्याही विद्यापीठाने नेमला नाही. परंतु आज केवळ परकी साहेबावर बोट ठेवून भागणार नाही. देशात फिरणाऱ्यांत प्रचंड बहुसंख्या देशी माणसांची आहे. केवडियाला जाणारा प्रवासी आपल्याच कचेरीतला, आपल्याच सोसायटीतला असतो. पुष्कळदा तो युनियनचा सभासदही असतो. म्हणून आपली टीका प्रवाशावर नसून प्रवासाच्या मालकीवर असली पाहिजे.

आता त्या मुलीच्या उन्हाळ्याकडे येते. तिने लिहिलेले तीन पानी टिपण माझ्यासमोर आहे. हॉटेलाचे नाव तिने दिलेले नाही, आणि मीही विचारले नाही. आठ आठवडे ती स्वागतकक्षात होती. रोज दहा तास उभे राहायचे. खुर्ची असे, पण ‘गेस्ट’च्या नजरेच्या टप्प्यात बसायची मनाई. हातखर्चाला जी रक्कम मिळाली, ती खोलीभाड्याला पुरली नाही. भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विमा नाही, जादा तासांचा मोबदला नाही, कारण ती कामगार नव्हे, विद्यार्थिनी. त्या कक्षात तिच्याखेरीज आणखी पाच विद्यार्थी होते आणि कायम कर्मचारी दोन. एका विद्यापीठाची तुकडी गेली की दुसऱ्याची येते. जागा वर्षभर भरलेली राहते आणि पगारपत्रकावर कधीच येत नाही.

कायद्याची स्थिती काय आहे? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवार हा कामगार नसल्याचे ठरवून त्याला कामगार कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवले, पण निदान विद्यावेतनाची किमान मर्यादा घालून दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कामगाराच्या व्याख्येतून उमेदवार वगळलेला आहे. महाविद्यालयाने धाडलेला प्रशिक्षणार्थी तर त्या कायद्याखालील उमेदवारही नव्हे. तो कोठल्याच रकान्यात बसत नाही. त्यातच २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात उद्योगातील अनुभव वाढवण्याचा आणि एक, दोन वा तीन वर्षांनी बाहेर पडण्याच्या सोयीचा पुरस्कार केला आहे. कोठारी आयोगानेही १९६६ साली कार्यानुभव सांगितला होता. त्यात हात आणि बुद्धी यांची फारकत मिटावी अशी दृष्टी होती. आजच्या ‘इंटर्नशिप’मध्ये हात भाड्याने दिले जातात आणि भाडे देण्याऐवजी विद्यार्थ्याकडूनच विद्यापीठाचे शुल्क घेतले जाते.

तिच्या टिपणातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटली. अंतर्गत मूल्यमापनात ‘वेशभूषा व वर्तन’ यासाठी गुण राखलेले आहेत, आणि पर्यवेक्षकाने तिचे दोन गुण कापले ते ‘हास्य कृत्रिम वाटते’ म्हणून. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून दाखवले होते की, या धंद्यात कामगाराच्या हातापायांबरोबर त्याच्या भावनाही कामाला जुंपल्या जातात आणि शेवटी स्वतःचे हसू स्वतःलाच परके होते. गिरणीमालकाने तुमच्या आजोबांचे दहा तास विकत घेतले, पण त्या तासांत मालकाविषयी मनात काय आणायचे ते आजोबांच्या हाती होते. येथे तेही गुणपत्रिकेत मोजले जाते. हे हलके काम नव्हे. फार जड काम आहे.

आणि आपल्या युनियनचे काय? त्या हॉटेलात कायम कामगारांची युनियन होती, असे ती लिहिते. मे महिन्यात त्यांनी दोन दिवस निदर्शने केली. त्या दोन दिवसांत सगळे हॉटेल प्रशिक्षणार्थींनी चालवले, कारण गैरहजर राहिल्यास गुण जाणार होते. दाराशी उभ्या असलेल्या कामगारांनी त्यांना शिव्या दिल्या. ‘मी त्या दिवशी मागच्या दाराने आत गेले,’ एवढेच तिने लिहिले आहे. चाळीस वर्षे युनियन केलेल्या बापाच्या मुलीने ते लिहावे, हे वाचून मी थोडा वेळ कागद बाजूला ठेवला. पण दोष तिचा नाही. ज्या युनियनने आठ आठवड्यांत एकदाही या मुलांची गाठ घेतली नाही, त्यांना संपफोडे म्हणण्यापूर्वी तिने आपले दप्तर तपासावे. कायदा त्यांना कामगार मानत नाही म्हणून आपणही मानायचे नाही काय? कायदा मान्य करीत नव्हता, तेव्हाही युनियने होतीच.

तर मग हा विषय विद्यापीठात असावा की नसावा? असावा, आणि आपण त्याच्या आशयासाठी भांडावे. केरळात कुमरकोम येथे २००८ साली जबाबदार पर्यटनाचा जो प्रयोग झाला, त्यात पंचायत, कुटुंबश्रीचे महिला गट आणि हॉटेले यांच्यात भाजी, दूध, मासे यांच्या पुरवठ्याची रीतसर व्यवस्था बसवली गेली. तो समाजवाद नव्हे. हॉटेले खासगीच राहिली आणि वेंबनाड सरोवरावरचा ताणही नाहीसा झाला नाही. परंतु हॉटेलने काय विकत घ्यावे आणि कोणाकडून, हा प्रश्न पंचायतीच्या बैठकीत विचारता येतो, हे तेथे सिद्ध झाले. मुलीच्या अभ्यासक्रमात कुमरकोम आहे, पण ‘ब्रँड उभारणीचे यश’ या मथळ्याखाली. पंचायतीचा उल्लेख नाही.

इतिहासाविषयी तर बोलायलाच नको. ‘भारताचा वारसा’ या पत्रिकेत राजे आहेत, घराणी आहेत, कमानींचे प्रकार आहेत. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचे आणि एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव दगडात कोरलेले आहे. ही कामे राजाने एकट्याने केली नाहीत, असे ते दगड दोन हजार वर्षे सांगत आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी याच घाटवाटा आणि लेणी पायी तुडवून, धनगरांशी आणि गावकऱ्यांशी बोलून, जुने व्यापारी मार्ग आणि मातृदेवतांची ठाणी यांचा संबंध उलगडून दाखवला. पर्यटन म्हणजे काय असू शकते याचा याहून चांगला पाठ्यग्रंथ मला माहीत नाही. केवडियाचा वाटाड्या पुतळ्यात किती टन पोलाद आहे ते बिनचूक सांगतो, कारण त्याला तेवढेच शिकवले जाते. त्याला सहा गावांची नावे पाठ आहेत, कारण तो त्यांतलाच एक आहे. ती उच्चारण्याची मुभा त्याला देणे, हा अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे.

प्रवासाचा हक्कही त्यातच येतो. २०२० च्या मार्चमध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत काढून घेतली. दुसरीकडे डेक्कन ओडिसीसारख्या राजेशाही गाडीसाठी त्याच लोहमार्गावर वेळापत्रकात जागा असते. पर्यटनाच्या कोणत्या विभागाने यावर एक प्रबंध लिहून घेतला? आपल्या विद्यार्थी आघाडीने अभ्यासमंडळांपुढे निवेदने नेली ती इतिहास आणि अर्थशास्त्राची. पर्यटनाच्या अभ्यासमंडळात उद्योगाचे प्रतिनिधी बसतात, हॉटेल कामगारांचा प्रतिनिधी बसत नाही, हे आपण कधी पाहिलेच नाही. कामगार कायदा हा अनिवार्य विषय असावा. प्रशिक्षणार्थीला किमान वेतन, अपघात विमा आणि ठरलेले तास असावेत. संपाच्या वा निदर्शनाच्या दिवशी प्रशिक्षणार्थीला कामावर न धाडण्याचे बंधन विद्यापीठाने करारात घालावे. स्थानिक भाषेतून वाटाड्याचे शिक्षण मिळावे. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. उद्योग म्हणेल की, एवढ्या अटी घातल्या तर आम्ही मुले घेणार नाही. घेणार नाहीत तर स्वागतकक्षातल्या सहा जागांवर पगारी माणसे नेमावी लागतील. ती भीती कोणाला वाटावी, हे उघड आहे.

बडोद्याच्या साथींना माझे उत्तर असे की, मुलीने परत जावे. तिलाही ते मान्य दिसते. दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिने दोन विषय सुचवले होते : केवडियाच्या ई-रिक्षा चालवणाऱ्या बायका, अथवा आपल्याच तुकडीतील प्रशिक्षणार्थींचे कामाचे तास. मार्गदर्शकांनी दोन्ही विषय ‘व्यवस्थापनाच्या कक्षेत येत नाहीत’ म्हणून परत पाठवले आणि ‘पर्यटकाचे समाधान’ हा विषय सुचवला. विभागाच्या समितीची बैठक ऑगस्टमध्ये आहे. त्या विद्यापीठात आपल्या विद्यार्थी संघटनेची शाखा आहे. तिच्या चिटणिसांनी मुलीशी संपर्क साधावा, पत्ता कचेरीतून मिळेल. प्रश्नावली तिने तयार केली आहे आणि ती गुजरातीत कशी करावी हे मला विचारले आहे. ‘होस्ट कम्युनिटी’ला काय म्हणावे, येथे ती अडली होती. मी तिला कळवले की तो शब्द गाळावा, आणि पहिल्या प्रश्नात सरळ विचारावे : तुमचे गाव कोणते, आणि जमीन किती होती.